हिवाळ्यातील दुब्रोव्निक : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

क्रोएशियातील दुब्रोव्निक हे तटबंदीने वेढलेले जुने बंदर बहुतेक प्रवासी जून ते सप्टेंबर या काळात पाहतात आणि त्यामुळे ते शहर पाहण्याऐवजी तिथली गर्दीच अधिक पाहतात. १९९१ मध्ये तटबंदीच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत होते. आज ही संख्या दीड हजाराच्या आसपास आली आहे. उन्हाळ्यात एका मोठ्या क्रूझ जहाजातून याहून अधिक माणसे एका सकाळी उतरू शकतात, म्हणूनच २०१९ पासून तिथल्या प्रशासनाने एका वेळी दोन जहाजे आणि चार हजार जहाजप्रवासी अशी मर्यादा घातली. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मात्र हे चित्र पूर्णपणे बदलते. मुख्य रस्त्यावर शाळेतून घरी जाणारी मुले दिसतात, बाजारात भाजी घेणाऱ्या आजी दिसतात आणि ज्या तटबंदीवर ऑगस्टमध्ये एकामागे एक रांगेत चालावे लागते, तिथे कुठल्याही बुरुजावर हवा तितका वेळ थांबता येते.

मात्र ही सहल उन्हाळ्यातील सहलीची स्वस्त आवृत्ती समजून आखली, तर हमखास निराशा होते. हिवाळ्यात तिथला दिवस वारा, उजेड आणि बंद दारे या तीन गोष्टी ठरवतात. कोणते ठिकाण कोणत्या दिवशी पाहायचे याचा तक्ता घरून बनवून नेण्यापेक्षा या तीन गोष्टी समजून घेऊन तिथे रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा बेत करणे अधिक शहाणपणाचे आहे. पुढील सर्व सूचना याच पद्धतीने जाणाऱ्यांसाठी आहेत.

महिना कसा निवडावा

हिवाळ्याचे चारही महिने सारखे नसतात. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे वर्षातील सर्वांत पावसाळी महिने असतात, परंतु डिसेंबरमध्ये हिवाळी महोत्सव भरतो, मुख्य रस्त्यावर रोषणाई आणि खाद्यपदार्थांचे ठेले असतात आणि हा उत्साह साधारण ६ जानेवारीपर्यंत टिकतो. त्यानंतरचा जानेवारी सर्वांत शांत असतो. मालक याच काळात सुट्टीवर जातात, डागडुजी याच काळात होते आणि बंद दारांची संख्याही याच काळात सर्वाधिक असते. ज्यांना निव्वळ एकांत हवा आहे, लिहायचे-वाचायचे आहे किंवा वास्तूंची शांतपणे छायाचित्रे घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी जानेवारी उत्तम. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मात्र तो कंटाळवाणा वाटू शकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एकच तारीख सुचवायची झाल्यास मी ३१ जानेवारी ते ५ फेब्रुवारी हे दिवस सुचवेन. ३ फेब्रुवारीला शहराचे संरक्षक संत ब्लेझ, ज्यांना तिथले लोक स्वेती व्लाहो म्हणतात, त्यांचा सण असतो आणि तो पर्यटकांसाठी मांडलेला कार्यक्रम नसून गावाचा स्वतःचा उत्सव आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

थंडीची धास्ती घेण्याचे कारण नाही. जानेवारीत दिवसाचे तापमान साधारण १२ अंशांपर्यंत जाते आणि रात्री ते सहा-सात अंशांपर्यंत उतरते. बर्फ क्वचितच पडते. खरी अडचण उजेडाची असते, कारण डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत सूर्य सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान मावळतो. सकाळी दहाला खोलीबाहेर पडण्याची सवय असलेल्यांच्या हाती पाहण्याचे तास फार थोडे उरतात. नऊ वाजता घराबाहेर पडलेले असावे, हा नियम हिवाळाभर पाळावा.

व्हिसा आणि पोहोचण्याचा मार्ग

क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन क्षेत्रातही, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातही, आला. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो; नाताळाच्या सुट्ट्यांचा विचार करता दीड-दोन महिने आधी केलेला बरा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. सहलीतील सर्वाधिक मुक्काम ज्या देशात असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून इटली आणि क्रोएशिया जोडून करणाऱ्यांनी आधी दोन्हीकडच्या रात्री मोजाव्यात.

येथे एक बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. दुब्रोव्निकहून बोस्नियातील मोस्तार आणि माँटेनेग्रोतील कोतोर ही दोन्ही गावे एका दिवसात पाहून परतता येण्याइतकी जवळ आहेत, पण हे दोन्ही देश शेंगेनबाहेरचे आहेत. एकाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा घेऊन सीमा ओलांडली तर परत दुब्रोव्निकला येता येत नाही, मग सामान हॉटेलात असले तरीही. तिकडे जायचे मनात असल्यास अर्जातच बहुप्रवेश मागावा आणि त्या दोन देशांचे भारतीयांसाठीचे त्या वेळचे नियमही स्वतंत्रपणे पाहून घ्यावेत. स्प्लिटहून रस्त्याने येणाऱ्यांनाही पूर्वी नेउम या बोस्नियाच्या किनारपट्टीतून जावे लागत असे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून संपूर्ण प्रवास क्रोएशियाच्या हद्दीतून करता येतो. तरीही बसचे तिकीट काढताना ती पुलावरून जाते की नेउममधून, हे विचारून घ्यावे.

भारतातून थेट विमान नाही. उन्हाळ्यात युरोपातील अनेक शहरांतून दुब्रोव्निकला येणारी विमाने हिवाळ्यात बंद होतात आणि उरतो तो प्रामुख्याने राजधानी झाग्रेबमार्गे येणारा पर्याय. दुब्रोव्निकला रेल्वे नाही. झाग्रेबहून बसने येता येते, पण तो दिवसभराचा प्रवास आहे, तर स्प्लिटहून बसला साधारण चार-साडेचार तास लागतात. मला विचाराल तर झाग्रेबला एक रात्र काढून सकाळच्या विमानाने यावे, कारण उशिरा पोहोचणाऱ्या विमानाने अंधारात उतरून, ओल्या पायऱ्यांवर सामान ओढत घर शोधणे हा त्या शहराशी पहिल्या भेटीचा योग्य प्रकार नव्हे.

राहण्याची जागा

दुब्रोव्निकमध्ये राहण्याचे तीन भाग लक्षात ठेवावेत : तटबंदीच्या आतील जुने शहर, ग्रुझ हे आजचे बंदर आणि लापाद हा समुद्रालगतचा वस्तीचा भाग. हिवाळ्यात जुन्या शहरातील घरांचे भाडे बरेच उतरते आणि पहाटे-रात्री त्या गल्ल्यांतून फिरण्याचे सुख तिथे राहिल्याशिवाय मिळत नाही, म्हणून दोन रात्री तरी आत काढाव्यात असे मला मनापासून वाटते. मात्र घर घेण्यापूर्वी मालकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिली, प्रत्येक खोलीत गरम हवेची सोय आहे का. कारण बहुतेक ठिकाणी ती वातानुकूलन यंत्रातूनच होते आणि ते यंत्र केवळ बैठकीच्या खोलीत असेल तर झोपण्याची खोली गार राहते. दुसरी, घरात ओल येते का. जुन्या दगडी भिंती हिवाळ्यात ओल धरतात आणि दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो. तिसरी, दरवाजापर्यंत किती पायऱ्या आहेत. शहराचा मधला भाग सपाट आहे, पण उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गल्ल्या सरळ वर चढत जातात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर घर मुख्य रस्त्याच्या शक्य तितके जवळ घ्यावे.

चार-पाच दिवसांहून अधिक मुक्काम असल्यास उरलेले दिवस ग्रुझ किंवा लापाद येथे राहावे. तिथे रहिवाशांची दुकाने, बेकऱ्या आणि खानावळी बाराही महिने चालू असतात, बस थेट जुन्या शहराच्या पश्चिमेकडील पिले दरवाजापर्यंत येते आणि स्वयंपाकघर असलेले घर सहज मिळते. बसचे तिकीट चालकाकडून घेण्यापेक्षा रस्त्यावरच्या छोट्या विक्रीखोक्यातून घेतलेले स्वस्त पडते.

दोन वारे आणि अंगावरचे कपडे

दुब्रोव्निकच्या हिवाळ्याची खरी ओळख तिथल्या दोन वाऱ्यांतून होते. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा वारा म्हणजे बुरा. तो थंड, कोरडा आणि झोताझोताने येणारा असतो. तो सुटला की आकाश निरभ्र होते, दूरची बेटे रेखीव दिसू लागतात, पण उघड्यावर उभे राहणे कठीण होते. आग्नेयेकडून समुद्रावरून येणारा वारा म्हणजे यूगो. तो उबदार आणि दमट असतो, सोबत ढग, पाऊस आणि मोठ्या लाटा आणतो आणि अनेकदा सलग काही दिवस टिकतो. दुब्रोव्निक हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते, त्या काळात यूगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असे तिथे सांगतात. आजही यूगोच्या दिवसांत माणसे डोके जड झाल्याची तक्रार करतात.

प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे. रोज संध्याकाळी क्रोएशियाच्या सरकारी हवामान संस्थेचा अंदाज पाहावा आणि पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याची दिशा वाचावी. बुरा असेल तर हवा स्वच्छ मिळेल, पण बोटी आणि विमाने रखडण्याची शक्यता असते. अशा दिवशी जुन्या शहरातील आडोशाच्या गल्ल्या आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या जागा निवडाव्यात. यूगो असेल तर तो दिवस संग्रहालयांचा आणि मठांचा समजावा. वारा पडलेला आणि ऊन असलेला दिवस मिळाला तर बाकी सर्व बाजूला ठेवून तटबंदीवर किंवा बेटावर जावे, कारण तसा दिवस पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

कपड्यांबाबत जाड कोट एकच नेण्यापेक्षा पातळ उबदार कपडे एकावर एक घालावेत आणि वर वारा व पाणी दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट असावे. छत्री नेऊ नये. दोन्ही वाऱ्यांत ती टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायातील जोडे. स्त्रादुन हा मुख्य रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या चुनखडीच्या दगडाने फरसबंद केलेल्या आहेत आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी हा दगड आरशासारखा गुळगुळीत झाला आहे. पाऊस पडला की त्यावर पाय तसाच घसरतो, जसा कोकणात पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर घसरतो. चांगली पकड असलेले रबरी तळव्याचे जोडेच घालावेत आणि उतरताना भिंतीच्या बाजूने चालावे.

तटबंदी

शहराभोवतीची तटबंदी १,९४० मीटर लांब आहे आणि काही ठिकाणी तिची उंची २५ मीटरपर्यंत जाते. हिवाळ्यात तिकिटाचा दर उन्हाळ्यापेक्षा बराच कमी असतो, मात्र प्रवेश साधारण सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढाच वेळ मिळतो आणि २५ डिसेंबरला ती बंद असते. वादळी हवेतही ती बंद ठेवली जाऊ शकते. तटबंदी, संग्रहालये आणि शहर बस यांचा समावेश असलेला एक एकत्रित पासही मिळतो. उन्हाळ्यात तटबंदीचे तिकीटच इतके महाग असते की पास घेणे उघडच फायद्याचे ठरते. हिवाळ्यात तटबंदी स्वस्त आणि काही संग्रहालये बंद असल्यामुळे हा हिशेब बदलतो, म्हणून दोन्हीचे त्या दिवसाचे दर पाहून मगच निर्णय घ्यावा.

चालण्याची दिशा एकच असते आणि ती घड्याळाच्या काट्याच्या उलट आहे. पिले दरवाजाजवळून चढल्यास आधी समुद्राकडची बाजू लागते, मग जुने बंदर, त्यानंतर प्लोचे दरवाजाकडची बाजू आणि शेवटी सर्वांत उंच मिन्चेता बुरूज. वाटेत हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, परंतु त्या विखुरलेल्या असल्यामुळे सावकाश चालणाऱ्याला फार जड जात नाहीत. दीड-दोन तास पुरतात असे सर्वत्र लिहिलेले आढळते. हिवाळ्यात मात्र तीन तास हाताशी ठेवावेत, कारण थांबण्यासारखे बरेच आहे आणि मागून ढकलणारे कोणी नाही.

समुद्राकडच्या बाजूने चालताना नजर आत, घरांच्या छपरांकडे वळवावी. काही कौले फिकट आणि वयस्क दिसतील, तर बहुसंख्य कौले एकसारखी उजळ केशरी दिसतील. ही उजळ कौले १९९१-९२ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यानंतर बसवलेली आहेत. त्या वेढ्यातील सर्वांत भीषण गोळीबार ६ डिसेंबर १९९१ रोजी झाला आणि दुब्रोव्निकमध्ये दरवर्षी त्या दिवशी मृतांचे स्मरण केले जाते. शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होते. १९९१ मध्ये ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले आणि पुनर्बांधणीनंतर १९९८ मध्ये त्यातून बाहेर आले. कोणत्या घरावर कोठे तोफगोळा पडला हे दाखवणारा नकाशा दरवाजाजवळ लावलेला आहे. तटबंदीवर चढण्यापूर्वी तो शांतपणे वाचावा, म्हणजे वरून दिसणारे प्रत्येक छप्पर वेगळे दिसू लागते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे असाल तर हे दुःख अजून घराघरांत ताजे आहे, याचे भान ठेवून वागावे आणि युद्धाविषयी अनोळखी माणसांना आपण होऊन प्रश्न विचारू नयेत.

तटबंदीच्याच तिकिटावर पिले दरवाजाबाहेरच्या लोव्रियेनात्स किल्ल्यातही प्रवेश मिळतो. समुद्रातून ३७ मीटर उंच उठलेल्या कड्यावर तो बांधलेला आहे आणि त्याच्या प्रवेशद्वारावर, जगातील सर्व सोने दिले तरी स्वातंत्र्य विकणे योग्य नव्हे, अशा अर्थाचा लॅटिन लेख कोरलेला आहे. हा किल्ला तटबंदी झाल्यावर त्याच दिवशी पाहून घ्यावा.

तटबंदीच्या आत

पिले दरवाजातून आत शिरताच ओनोफ्रिओचे मोठे कारंजे लागते. सुमारे १२ किलोमीटर अंतरावरून नहरीने आणलेले पाणी १४३८ मध्ये या कारंज्यापर्यंत पोहोचले. ते पाणी आजही पिण्याजोगे आहे, त्यामुळे बाटली भरून घ्यावी. समोरच फ्रान्सिस्कन मठ आहे. तिथली औषधशाळा १३१७ पासूनची आहे आणि तिथे जुन्या पाठांवरून बनवलेली मलमे आजही विकत मिळतात. मठाच्या आतले खांबांच्या ओळींचे चौक पावसाच्या दिवशी बसण्यासाठी शहरातील सर्वांत सुंदर जागा आहे.

स्त्रादुनच्या दुसऱ्या टोकाला स्पोन्झा राजवाडा आहे. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपाने शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला, तरी १५१६ ते १५२२ या काळात बांधलेली ही इमारत तग धरून राहिली. त्यामुळे स्त्रादुनवरची एकाच धाटणीची भूकंपोत्तर घरे आणि ही त्याआधीची इमारत यांची तुलना तिथे उभ्या उभ्या करता येते. तिथेच शहराच्या रक्षणात प्राण दिलेल्यांचे स्मृतिदालन आहे. रेक्टरचा, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, राजवाडा, सागरी संग्रहालय आणि डोमिनिकन मठ यांना मिळून एक पूर्ण दिवस द्यावा, पण प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळी असते, म्हणून पहिल्याच दिवशी दारावरच्या वेळा टिपून घ्याव्यात.

प्लोचे दरवाजाबाहेरच्या लाझारेती या इमारती बहुतेकजण न थांबता ओलांडतात, हे मला नेहमी खटकते. बाहेरून आलेल्या माणसांना आणि मालाला वेगळे ठेवण्याचा कायदा या प्रजासत्ताकाने १३७७ मध्ये केला आणि अशा विलगीकरणाची ती जगातील सर्वांत जुनी व्यवस्था मानली जाते. सध्याच्या इमारती सतराव्या शतकातील आहेत. करोनाचे दिवस अनुभवलेल्या आपल्यासारख्यांनी तिथे अर्धा तास तरी घालवावा. गुलामांच्या व्यापारावर १४१६ मध्ये बंदी घालणारेही हेच छोटे राज्य होते. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते संपुष्टात आणले.

जुन्या बंदरापलीकडे पोर्पोरेला नावाचा धक्का समुद्रात गेलेला आहे. शांत हवेत तिथे बसून लोक गप्पा मारतात. यूगो वाहत असताना मात्र त्या धक्क्यावर किंवा तटाबाहेरच्या खडकांवर कधीही पाऊल ठेवू नये. लाटा अनपेक्षितपणे वर येतात आणि ओल्या दगडावरून माणूस सहज ओढला जातो. लाटांचे दृश्य तटबंदीवरूनच पाहावे.

खाणेपिणे, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

जुन्या शहरातील बरीचशी उपाहारगृहे हिवाळ्यात बंद असतात आणि कोणते केव्हा उघडेल याची इंटरनेटवरची माहिती पुष्कळदा जुनी असते. घरमालकाला विचारणे हाच खात्रीचा मार्ग. जी उघडी असतात तिथे दुपारच्या जेवणाचे ठरावीक ताट मिळते आणि ते उन्हाळ्याच्या मानाने परवडणारे असते.

समुद्री मासे खाणाऱ्यांना इथे काही कमी नाही. जवळच्या स्तोन गावाच्या खाडीतील कालवे तर प्रसिद्धच आहेत. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावे. काळा भात म्हणजे समुद्रफेणी माशाच्या शाईत शिजवलेला पदार्थ असतो. हिरवी मेनेस्त्रा हे नाव भाजीचे वाटते, पण तिच्यात धुरावलेले मांस असते, आणि साधे भाजीचे सारही अनेकदा मांसाच्या पाण्यात केलेले असते. मागवताना ‘बेझ मेसा, बेझ रिबे’, म्हणजे मांसाशिवाय आणि माशांशिवाय, असे स्पष्ट सांगावे आणि साराच्या पाण्याविषयीही वेगळे विचारावे. ब्लित्वा ही पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात केलेली मिळते. ती पोटभर मागवावी. रोझाता या गोड पदार्थात अंडे असते.

गुंदुलिच चौकातला सकाळचा बाजार हिवाळ्यात लहान असतो, पण भरतो. पालेभाज्या, कोबी, सुकी अंजिरे, नेरेत्वा खोऱ्यातील संत्री आणि कडू संत्र्याच्या सालीची साखरेत घोळवलेली अरांचिनी तिथे मिळतात. अरांचिनी घरी आणण्यासाठी उत्तम, कारण ती टिकते. ग्रुझचा बाजार याहून मोठा आणि अधिक घरगुती आहे.

एक नियम आधीच माहीत असावा : जुलै २०२३ पासून क्रोएशियात दुकानांना वर्षातून केवळ सोळा रविवारी उघडे राहण्याची परवानगी आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी आणि तांदूळ घेऊन ठेवावेत. घरून मसाल्यांच्या पुड्या, पोहे आणि तूरडाळ थोडी नेली, तर पावसाची संध्याकाळ सुखाची जाते.

स्वेती व्लाहोंचा सण

दंतकथा अशी आहे की ९७२ मध्ये व्हेनिसची जहाजे मैत्रीच्या बहाण्याने शहराबाहेर नांगर टाकून उभी असताना या संतांनी एका धर्मगुरूला दृष्टांत देऊन सावध केले. तेव्हापासून हा सण पाळला जातो, अशी तिथली श्रद्धा असून २००९ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत केला. शहराच्या दरवाजांवर आणि तटांवर जिथे जिथे या संतांची मूर्ती दिसेल, तिथे त्यांच्या हातात शहराची प्रतिकृती असते.

२ फेब्रुवारीला पांढरी कबुतरे सोडून सणाचा आरंभ होतो. ‘कांदेलोरा, झिमा फोरा’, म्हणजे या दिवशी हिवाळा सरला, अशी तिथली म्हण आहे. पण तिचे पुढचे चरण असे, की मागून व्लाहो येतात आणि हे खोटे असल्याचे सांगतात. अनुभव दुसऱ्या चरणाच्या बाजूने आहे, तेव्हा उबदार कपडे बॅगेत टाकून देऊ नयेत. ३ तारखेला सकाळी आसपासच्या गावांतील लोक पारंपरिक वेशात, आपापल्या परगण्यांची भलीमोठी निशाणे घेऊन दरवाजांतून आत येतात. चर्चसमोर निशाणे फिरवून मानवंदना देतात, खुल्या जागेत प्रार्थना होते आणि त्यानंतर संतांच्या अवशेषांची मिरवणूक स्त्रादुनवरून निघते. चर्चमध्ये दोन मेणबत्त्या गळ्याजवळ धरून घशाच्या आजारांपासून रक्षणाचा आशीर्वाद दिला जातो.

पाहुण्यांनी सकाळी साडेआठपर्यंत स्त्रादुनच्या कडेला जागा धरावी, निशाणे वाहणाऱ्यांच्या वाटेत छायाचित्रासाठी उतरू नये आणि अवशेष समोरून जाताना टोपी काढावी. त्या दिवशी शहराला सुट्टी असते, म्हणून खरेदी आदल्या दिवशीच उरकावी. मुक्कामाची जागाही या दोन-तीन दिवसांसाठी लवकर ठरवावी.

गोमंतकीय वाचकांना या संताची ओळख नवी नाही. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी येथे सां ब्राझ यांचे चर्च आहे आणि त्याचा संबंध सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. गोव्यातून निघणाऱ्यांनी ते आधी पाहून जावे.

शहराबाहेरचे दिवस

सर्ज हा ४१२ मीटर उंचीचा डोंगर शहराच्या पाठीशी उभा आहे. वर जाणारी तारगाडी १९६९ मध्ये सुरू झाली, युद्धात उद्ध्वस्त झाली आणि २०१० मध्ये पुन्हा धावू लागली. हिवाळ्याच्या मध्यावर ती देखभालीसाठी काही आठवडे बंद असू शकते आणि जोराच्या वाऱ्यात तर चालतच नाही. चालत वर जाणारी नागमोडी पायवाट आहे. वाटेत सावली नसल्यामुळे उन्हाळ्यात ती नकोशी होते, पण हिवाळ्यातील उन्हात ती फार सुखद असते. वरच्या फ्रेंचांनी बांधलेल्या किल्ल्यात युद्धाचे संग्रहालय आहे. सूर्यास्त पाहायला वर थांबायचे असल्यास विजेरी जवळ ठेवावी, कारण अंधार झपाट्याने पडतो.

समोर दिसणाऱ्या लोक्रुम बेटाच्या बोटी हिवाळ्यात बंद असतात, हे आधीच समजून असावे. त्याऐवजी ग्रुझहून निघणारी सरकारी बोट कोलोचेप, लोपुद आणि शिपान या बेटांवर वर्षभर जाते, कारण ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे. लोपुदवर मोटारी नाहीत. बेट ओलांडून शुन्य या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाता येते. बेटावर खाण्याचे काही उघडे असेल अशी अपेक्षा ठेवू नये, डबा आणि पाणी सोबत न्यावे आणि उतरताच परतीच्या बोटीची वेळ पाहून घ्यावी, कारण फेऱ्या मोजक्याच असतात.

त्साव्तात हे प्राचीन एपिदाउरुमच्या जागी वसलेले छोटे गाव १० क्रमांकाच्या बसने गाठता येते. तिथल्या भूशिराभोवतीची पाइनच्या झाडांखालची वाट हिवाळ्यातही हिरवी असते आणि अर्धा दिवस तिथे छान जातो. स्तोनची तटबंदी आणि मिठागरे पाहण्यासाठी बस आहेत, पण थोड्या. तीन-चार जण असल्यास मोटार भाड्याने घेतलेली बरी.

परतीचा दिवस

विमानतळ चिलिपी येथे, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत असल्यामुळे जोराचा बुरा सुटला की तिथली विमाने उशिरा सुटतात, अन्यत्र वळवली जातात किंवा रद्दही होतात. म्हणून दुब्रोव्निक-झाग्रेब विमान आणि झाग्रेबहून भारताकडे येणारे विमान यांच्यात किमान एक रात्र ठेवावी, आणि शक्य असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढावेत, म्हणजे पहिले चुकल्यास पुढची व्यवस्था विमान कंपनीला करावी लागते. हिवाळ्यात विमानतळाची बस विमानांच्या वेळांनुसारच सुटते, त्यामुळे तिची वेळ आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पाहावी. त्याच वेळी अंदाजात जोराचा बुरा दिसला, तर स्प्लिटला जाणाऱ्या सकाळच्या बसची वेळही टिपून ठेवावी; स्प्लिटहून झाग्रेबला बस आणि रेल्वे दोन्ही मिळतात.